एका मताचे बहुमत की एका मताचे मताधिक्य?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८३९ साली झालेल्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीबद्दल ‘मार्कस मॉर्टन एका मताच्या मताधिक्याने निवडून आले’ असे लिहिले तर चालेल का?

नाही चालणार. आकडेच पाहा. डेमोक्रॅट मॉर्टन यांना ५१,०३४ मते पडली, पदावर असलेले व्हिग पक्षाचे एडवर्ड एव्हरेट यांना ५०,७२५, आणि बाकी नावांना मिळून ३०७. मताधिक्य म्हणजे प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त पडलेली मते. ती इथे ३०९ भरतात.

ते सुप्रसिद्ध ‘एक मत’ बहुमतातले आहे. राज्याच्या १७८० च्या संविधानानुसार गव्हर्नर व्हायला पडलेल्या सगळ्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते लागत, आणि त्या बेरजेत किरकोळ ३०७ सुद्धा धरली जात. एकूण १,०२,०६६, निम्मी ५१,०३३. मॉर्टन यांना त्याहून बरोबर एक जास्त.

बहुमताची ‘निम्मे अधिक एक’ ही व्याख्या आपल्या तोंडात बसली आहे, कारण विधानसभेच्या २८८ जागांना १४५ चा हिशेब जमतो. पण एकूण संख्या विषम झाली की ती व्याख्या फसते. मॉर्टन यांचा एक मतदार घरी बसला असता, तर १,०२,०६५ पैकी ५१,०३३ मते होऊनही बहुमत टिकले असते. त्याच मतदाराने दुसऱ्या नावाची चिठ्ठी टाकली असती, तर मात्र बरोबर निम्मी मते उरून बहुमत गेले असते. म्हणून ‘निम्म्याहून अधिक’ हीच व्याख्या धरावी.

बहुमत न झाल्यास प्रतिनिधिगृह सर्वाधिक मतांच्या चौघांतून दोघे निवडी आणि सेनेट त्यांतला एक. १८४२ च्या निवडणुकीत याच मॉर्टन यांना सर्वांत जास्त मते मिळाली, पण बहुमत नाही. त्यांची निवड विधिमंडळातून झाली. तेव्हा मताधिक्य होते आणि बहुमत नव्हते. दोन शब्द वेगळे ठेवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१८५५ च्या दुरुस्तीने ही अट गेली आणि ज्याला जास्त मते तो गव्हर्नर, असे ठरले. त्यानंतरच्या निवडणुकांसाठी ‘सर्वाधिक मते मिळवून’ असे लिहावे. ‘बहुमताने’ हा शब्द मते खरोखरच निम्म्यावर गेली असतील तरच.

आणखी दोन बारकावे. ‘३०९ मतांचे मताधिक्य’ यात ‘मत’ दोनदा येते. ‘३०९ मतांनी’ किंवा ‘३०९ मतांचे आधिक्य’ सुटसुटीत. आणि गव्हर्नरला राज्यपाल म्हणू नये. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात; हे पद लोकांच्या मतांवर, आणि तेव्हा तर दरवर्षी, भरले जाई. मतदारांचा रागही थेट त्यालाच भोवे : १८३८ च्या कायद्याने १५ गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ५७ लिटरपेक्षा, कमी प्रमाणात कडक दारू विकायला बंदी झाली होती, आणि एव्हरेट हरण्यामागे ते मोठे कारण होते.

तेव्हा वाक्य असे करावे : ‘मॉर्टन यांना अवघ्या एका मताचे काठावरचे बहुमत मिळाले, एव्हरेट यांना त्यांनी ३०९ मतांनी हरवले.’