वर्ग भरतो, पण बोलत नाही

प्रश्न : मी तालुक्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. ७५ टक्के हजेरीच्या अटीमुळे मुले येतात, पण गप्प बसतात. काय करावे?

उत्तर : हजेरीपटाच्या धाकाने मुले वर्गात येतील, बोलतीलच असे नाही. सगळ्या वर्गाला ‘काही शंका?’ असे विचारल्यास शांतताच पदरी पडते. त्याऐवजी बाजार समितीतला कांद्याचा आजचा भाव फळ्यावर लिहून, आवक वाढल्यास तो का उतरतो हे प्रत्येकाला वहीत दोन ओळींत लिहायला लावावे, शेजाऱ्याशी ताडून पाहू द्यावे आणि मगच एखाद्याला नावाने विचारावे. समोर लिहिलेले असले की जीभ सैल होते. इंग्रजी शब्द अडखळला म्हणून कुणी हसणार नाही, एवढे मात्र पहिल्याच आठवड्यात सांभाळावे. सकाळच्या पहिल्या तासालाच गळती असेल, तर आधी एसटीचे वेळापत्रक पाहावे.