रेट्रोत कोणी बोलत नसेल तर नवा बोर्ड कामाला येत नाही

आठ जणांची सॉफ्टवेअर टीम, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा), आणि त्याच्या शेवटी काय जमलं, काय नाही हे बोलायची बैठक, म्हणजे रेट्रो, सुरू झाली की "सगळं ठीक चाललंय" म्हणून वीस मिनिटांत सगळे मोकळे. पुढे नेणाऱ्या आणि अडवणाऱ्या गोष्टी मांडायचा होडी-नांगराचा बोर्ड झाला, स्टार्ट-स्टॉप-कंटिन्यू झालं, आता कोणता फॉरमॅट घेऊ, असं तुम्ही विचारलंय. फॉरमॅट कोणताही घ्या. आधी मागच्या तीन रेट्रोंत काय ठरलं होतं ते शोधा आणि प्रत्येकापुढे 'झालं' किंवा 'नाही झालं' लिहा. बऱ्याच टीम्समध्ये ही यादी सापडतच नाही. सापडली तर तिच्यात "कम्युनिकेशन सुधारणे", "स्टेजिंग (रिलीजआधी चाचणी घ्यायचा सर्व्हर) स्टेबल करणे – टीम" असली वाक्यं असतात. दीड महिना तेच सांगूनही काही हललं नाही, हे ज्याने पाहिलंय तो पुन्हा कशाला तोंड उघडेल?

त्यामुळे रेट्रोची सुरुवात मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टीपासून करा आणि शेवटी एकच नवी गोष्ट ठरवा, फार तर दोन. तिला एका माणसाचं नाव हवं, तारीख हवी आणि स्प्रिंट बोर्डवर बाकीच्या स्टोरींसारखं (म्हणजे कामांसारखं) तिकीट हवं. स्प्रिंटमध्ये काम करायच्या स्क्रम पद्धतीचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या 2017 च्या आवृत्तीत निदान एक सुधारणा पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमध्ये (त्या स्प्रिंटच्या कामांच्या यादीत) घ्यावी असं स्पष्ट होतं. 2020 च्या आवृत्तीत ती सक्ती गेली. माझ्या मते जुना नियमच चांगला होता, तुम्ही तो पाळा. "स्टेजिंग स्टेबल करणे" हे तिकीट होऊ शकत नाही. "रात्रीच्या बिल्डआधी डिस्क किती भरली आहे ते तपासून टीमच्या चॅनलवर मेसेज टाकणारा जॉब लिहिणे" हे होतं, आणि दोन आठवड्यांत ते झालं की नाही हे कोणालाही दिसतं.

आता मॅनेजर. तुम्ही ओझरतं लिहिलंय की ते "फक्त ऐकायला" बसतात. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. जो माणूस मार्चमध्ये अप्रेझलचं रेटिंग देणार, त्याच्यासमोर "माझ्या चुकीच्या एस्टिमेटमुळे स्टोरी अडकली" असं कोणी म्हणणार नाही, तो माणूस स्वभावाने कितीही चांगला असला तरी. कोणतं काम आधी करायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर रेट्रोत असायला हवा, तो स्क्रम टीमचाच भाग आहे. लाइन मॅनेजर नाही. त्यांच्याशी आधी एकट्याने बोला. "तुम्ही येऊ नका" म्हणण्यापेक्षा "काय ठरलं ते मी त्याच दिवशी तुम्हाला सांगेन, आणि तुमच्याकडून काय हवंय तेही" असं म्हणा. तो शब्द मात्र पाळावा लागेल.

रेट्रोवर पुस्तक लिहिणाऱ्या नॉर्मन कर्थ यांचं रेट्रोचं मूळ सूत्र बऱ्याच टीम्स सुरुवातीला वाचून दाखवतात: त्या वेळी जे माहीत होतं, जी कौशल्यं आणि साधनं हाताशी होती, त्यात प्रत्येकाने आपल्या परीने चांगलंच काम केलं, असं धरून चालायचं. मला ते मनापासून पटतं. पण रेटिंग देणारा समोर वहीत टिपणं काढत बसला असेल, तर वाचून दाखवल्याने भीती जात नाही.

शांतता म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र समजू नका. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला होता. चांगल्या टीम्समध्ये औषधं देताना चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता, आणि आकडे उलटे आले: चांगल्या टीम्समध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, त्यावर मोकळेपणी बोलत होती, हे त्यांच्या लक्षात आलं. मानसिक सुरक्षिततेवरचं, म्हणजे न घाबरता बोलता येण्यावरचं, त्यांचं पुढचं काम यातूनच उभं राहिलं.

तुमच्या टीममध्ये किती भीती आहे हे मोजता येतं. सुरुवातीला निनावी फॉर्मवर 1 ते 5 आकडा मागा: आज मी इथे किती मोकळेपणाने बोलू शकतो? निम्म्यांनी 1 किंवा 2 दिले तर त्या दिवशीचा बाकी अजेंडा बाजूला ठेवा आणि काय बदललं तर हा आकडा वाढेल एवढंच लिहून घ्या. 1 कोणी दिला हे शोधायला अजिबात जाऊ नका.

मग बोलण्याआधी लिहू द्या. सात-आठ मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं आणि वाचून दाखवायची सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून. टेक लीड आधी बोलला की बाकीचे "सेम पॉइंट" म्हणून गप्प होतात. लिहायची भाषा ज्याची त्याला ठरवू द्या. इंग्रजीत "डिपेंडन्सी इश्यू" एवढंच लिहिणारा फ्रेशर मराठीत नेमकं काय अडलं ते चार ओळींत सांगतो. मात्र टीममध्ये चेन्नईचं कोणी असेल तर चर्चा मराठी-हिंदीत वाहवत जाणार नाही हे तुम्ही बघायचं.

मतांच्या आधी माहिती ठेवा. आमच्या एका टीममध्ये "रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं) लवकर करा" ही चिठ्ठी दर रेट्रोत यायची, आणि सगळे मान डोलवायचे. शेवटी पुल रिक्वेस्ट (कोड तपासून घ्यायची विनंती) कधी उघडली आणि पहिली कमेंट कधी आली, एवढं कोड ठेवतो त्या गिट सर्व्हरवरून काढून भिंतीवर लावलं. बहुतेक रिव्ह्यू त्याच दिवशी होत होते. अडकत होत्या त्या फक्त पेमेंट मॉड्यूलच्या पुल रिक्वेस्ट, कारण ते मॉड्यूल एकाच माणसाला येत होतं आणि त्याची संध्याकाळ अमेरिकेतल्या क्लायंटच्या कॉल्समध्ये जायची. आळसाचा प्रश्नच नव्हता. पेमेंटचा प्रत्येक रिव्ह्यू त्याने दुसऱ्या एकासोबत बसून करायचा, असं ठरलं, आणि दोन-तीन स्प्रिंटमध्ये ती चिठ्ठी यायची थांबली.

कारणं शोधताना 'पाच वेळा का' विचारायची टोयोटाची पद्धत चांगली आहे, पण माणसाकडे बघून "तू हे का केलंस" विचारलं की तो बचावात जातो. "हे कसं घडत गेलं, तेव्हा समोर काय दिसत होतं" असं विचारा.

नोटीस पीरियडवर गेलेल्या माणसाची जागा, व्हीपीएन, लायसन्स असल्या गोष्टी टीमच्या हातात नसतात. त्या वेगळ्या काढून तुम्ही वर न्या आणि उत्तर परत आणून सांगा. उत्तर "या तिमाहीत शक्य नाही" असलं तरी सांगा. नकार माणसं पचवतात, पण काहीच उत्तर आलं नाही तर पुढच्या वेळी ती सांगणं बंद करतात.

वेळेचं थोडक्यात: दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला तास-सव्वा तास पुरतो. शुक्रवारी साडेपाचला ठेवू नका, निम्म्यांचं लक्ष कंपनीच्या बसकडे असतं. एक जण जरी घरून जोडला असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवर लिहायचं, खोलीतला व्हाइटबोर्ड त्याला दिसत नाही.

महिन्यातून एकदा घेतली तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. सध्या नको. महिन्यापूर्वीचं नीट आठवत नाही, आणि आठवतात ती फक्त शेवटच्या आठवड्यातली भांडणं. प्रॉडक्शनमध्ये मोठा बिघाड झाला असेल तर दोन आठवडेही थांबू नका. लॉग हाताशी आहेत आणि ऑन-कॉलवाल्याची झोप झाली आहे, अशा पहिल्याच दिवशी त्यासाठी वेगळी बैठक घ्या.