भरलेल्या अंड्यांचा हिशोब

अनेक आशीर्वाद.

हॅचरीच्या, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या केंद्राच्या, प्लॅनिंगला तुला बसवलं हे कळलं आणि मनापासून आनंद झाला. व्हेटर्नरी शिकलेली मुलं बहुधा फार्मवर जातात नाहीतर औषध कंपन्यांत. या टेबलाकडे कोणी हौसेने वळत नाही, आणि ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबडीच्या) धंद्यातली अर्धी नासाडी नेमकी इथेच ठरते.

तू विचारलंस की रोज एवढे आकडे येतात, त्यातला बघायचा कोणता. एकही आकडा सुटा बघू नकोस. प्रत्येक आकडा कोणत्या तारखेला भरलेल्या, म्हणजे मशीनला लावलेल्या, अंड्यांचा आहे, ते आधी विचार. अंडं 18 दिवस सेटरमध्ये, म्हणजे उबवणीच्या मशीनमध्ये, आणि शेवटचे तीन दिवस पिल्लं निघायच्या हॅचरमध्ये असतं. म्हणजे आज ट्रेमधून निघालेली पिल्लं तीन आठवड्यांपूर्वीच्या अंड्यांची. तरीही या आठवड्यात निघालेल्या पिल्लांना याच आठवड्यात भरलेल्या अंड्यांनी भागून टक्केवारी काढणारे लोक तुला भेटतील. भरणं वाढत असताना ती टक्केवारी उगाच पडलेली दिसते आणि मॅनेजर सेटरवर चिडतो. भरणं कमी केलं की तीच टक्केवारी छान दिसते आणि सगळे खूश. दोन्ही वेळा मशीन तेच, हवा तीच. अमेरिकेचं कृषी खातं दर आठवड्याला किती अंडी सेट झाली आणि किती पिल्लं शेडवर गेली याचा अहवाल काढतं. त्यातही उबवणीची टक्केवारी काढताना त्या आठवड्याच्या पिल्लांना तीन आठवडे आधीच्या अंड्यांनी भागतात. आपल्याकडे सरकारी आकडे वर्षाचे येतात, पशुगणना त्याहून लांबच्या अंतराने. आठवड्याचं चित्र हवं असेल तर ते तुलाच तुझ्या रजिस्टरमधून उभं करावं लागेल.

म्हणून रजिस्टर लॉटवार, म्हणजे एका वेळी भरलेल्या अंड्यांच्या गटाप्रमाणे, ठेव. तारखेशेजारी फ्लॉकचं, म्हणजे ती अंडी देणाऱ्या कळपाचं, वय लिही. पॅरेंट पक्षी (ब्रॉयलर पिल्लांचे आईबाप) साधारण पंचविसाव्या आठवड्यात अंड्यावर येतो. पस्तिशीच्या आसपास त्याची अंडी सर्वांत चांगली उबतात आणि साठीकडे झुकला की घसरण लागते. समज, 35 आठवड्यांच्या फ्लॉकची हॅच, म्हणजे उबवणीची टक्केवारी, 88 टक्के आणि 58 आठवड्यांच्या फ्लॉकची 76. दोघांची पन्नास-पन्नास हजार अंडी भरलीस तर 82,000 पिल्लं. पुढच्या महिन्यात तरुण फ्लॉकची 20,000 आणि म्हाताऱ्या फ्लॉकची 80,000 भरलीस तर 78,400. अंडी दोन्ही वेळा एक लाख, आणि पिल्लं 3,600 कमी. भरलेल्या अंड्यांचा एकूण आकडा बघून ज्याने पिल्लांचं वाटप लिहून टाकलं, त्याने एका शेतकऱ्याचं शेड आजच रिकामं ठेवलं.

पुढचा रकाना अंड्याच्या वयाचा. कोल्ड रूममध्ये 15 ते 18 अंशांवर आठवडाभर अंडं बरं राहतं, त्यानंतर दर दिवसाला हॅच उतरत जाते आणि पिल्लू उशिरानेही निघतं. पिल्लांचा भाव पडला की वरून सांगतात, अंडी थोडे दिवस थांबवा. मग दहा-बारा दिवसांची अंडी ताज्या अंड्यांच्या ट्रॉलीत मिसळली जातात आणि कागदावर सगळी सारखीच दिसतात. याला तू ठाम विरोध कर. थांबवायचीच असतील तर वेगळी भर, वेगळी लिही आणि थोडी आधी मशीनला लाव.

आता हॅचरीतल्या सर्वांत घाणेरड्या आणि मला सर्वांत प्रिय कामाबद्दल. पिल्लं काढून झाल्यावर ट्रेमध्ये जी अंडी उरतात, ती फोडून बघ. प्रत्येक लॉटचे तीन-चार ट्रे, स्वतःच्या हाताने. वास येईल, मास्क लाव. पिवळ्यावर नुसता पांढरट ठिपका दिसला तर अंडं फलित नव्हतं. ते ब्रीडर फार्मच्या, म्हणजे पॅरेंट पाळणाऱ्यांच्या, खात्यात. रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच गेला. साठवण आणि वाहतूक तपास. काळा डोळा दिसतो पण पिसं नाहीत, तोही लवकरच गेला. पूर्ण वाढलेलं, पिसांचं पिल्लू कवचातच मेलेलं असेल तर हात सावकाश चालव. डोकं उजव्या पंखाखाली आणि चोच हवेच्या कप्प्याकडे असेल तर ते नीट बसलं होतं, बाहेर यायच्या तयारीत होतं. अशी बरीच सापडली तर हॅचरचं तापमान, आर्द्रता आणि हवा बघ. डोकं अंड्याच्या टोकदार बाजूला असेल तर बहुधा अंडं ट्रेमध्ये उलटं ठेवलं गेलं होतं. टक्केवारी फक्त किती गेली ते सांगते. कुणाकडे जाऊन बोलायचं ते हा ट्रे सांगतो.

मागणीचं कॅलेंडर तुला कोणी शिकवणार नाही, म्हणून लिहितो. 2025 मध्ये दीप अमावास्या 24 जुलैला होती. गटारीला विकायचा दोन किलोचा पक्षी म्हणजे शेडवरचे चाळीसेक दिवस, उबवणीचे 21 आणि लिफ्टिंगला (शेडवरून पक्षी उचलायला) तीन-चार. म्हणजे ती अंडी 20 मेच्या सुमाराला सेटरमध्ये जायला हवी होती. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने तीच अमावास्या 12 ऑगस्टला येते आणि भरायची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सरकते. गेल्या वर्षीची फाइल उघडून इंग्रजी तारखेवर भरणं लावणारा माणूस कधी गटारीच्या फार आधीच, तर कधी ऐन श्रावणात पक्षी घेऊन उभा राहतो. 2023 मध्ये तर श्रावणच अधिक होता, दोन्ही श्रावण मिळून जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. टेबलावर पंचांग ठेव, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणखी एक: गटारीची अंडी ही कायम उन्हाळ्याच्या तडाख्यातली अंडी. मे महिन्यात पॅरेंट पक्षी धापा टाकतो, खाणं कमी होतं, कवच पातळ होतं, नर थंडावतात. तेव्हा जानेवारीची टक्केवारी धरून जूनची पिल्लं कबूल करू नकोस.

याहून लांबचा हिशोब पॅरेंटचा. आज ब्रीडर फार्मवर उतरलेलं पॅरेंटचं पिल्लू बाजारात पक्षी देईल ते आठेक महिन्यांनी. ते तुझ्या हातात नाही, पण कोणते फ्लॉक कधी कल होणार, म्हणजे काढून टाकले जाणार, याची यादी दर महिन्याला मागून घे.

साखळी मध्येच तुटली की काय होतं ते 2020 ने दाखवलं. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा फेब्रुवारी-मार्चमध्ये पसरली, पक्ष्याला उत्पादनखर्चही सुटेना, आणि भरणं थांबलं. अंडी फेकली गेली, पिल्लं मारली गेली. मे-जूनमध्ये गिऱ्हाईक परतलं तेव्हा बाजारात पक्षीच नव्हता आणि भाव कडाडला. घाबरून थांबवलेल्या भरण्याचं बिल दोन महिन्यांनी येतं. भाव पडलेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये हे तुला मोठ्याने सांगावं लागेल, आणि समोरचे तुझ्यापेक्षा वयाने मोठे असतील. आकडे घेऊन जा आणि सांग.

शेवटी शेतकऱ्याचं. करारावर पक्षी पाळणाऱ्याला किलोवर पैसे मिळतात. त्याने शेड धुऊन, चुना मारून, तूस पसरून ठेवलेलं असतं. पाच हजारांच्या जागी बेचाळीसशे पिल्लं उतरली तर त्याची मजुरी आणि लाईट तीच, कमाई मात्र कमी. हॅचच्या रात्री त्याला फोन करणं हा अन्याय आहे. दहाव्या दिवसाच्या कँडलिंगला, म्हणजे अंड्यामागे दिवा धरून बघताना, वांझ आणि लवकर मेलेली अंडी कळतात, अठराव्या दिवशी ट्रान्सफरला, म्हणजे अंडी हॅचरमध्ये हलवताना, चित्र बरंच स्पष्ट होतं. त्याच दुपारी शेतकऱ्यांचं बघणाऱ्या लाईन सुपरवायझरला खरा आकडा दे आणि कमी असेल तर कमीच सांग. बॉक्समध्ये शंभरावर दोन जास्त टाकायची पद्धत आहे, पण लंगडी, ओल्या बेंबीची पिल्लं त्या दोनात घुसवू देऊ नकोस. कल म्हणजे कल. ती निघालेल्या पिल्लांत मोजली जातील, पाठवलेल्यांत नाही.

आता एक काम. मागच्या सहा लॉटची पानं मला पाठव: भरल्याची तारीख, फ्लॉकचं वय, अंड्याचं वय, कँडलिंग, निघालेली, कल, पाठवलेली, आणि सातव्या दिवसापर्यंतची शेडवरची मर. ब्रेकआउटचा, म्हणजे उरलेली अंडी फोडून बघण्याचा, रकाना कोरा असेल तर पत्र टाकायची घाई नको. पुढच्या हॅचपर्यंत थांब, ट्रे फोड, मग पाठव.