म्हातारपणी स्मरणशक्ती टिकावी म्हणून काय खायला द्यावं?

६८ वर्षांचे वडील विसरायला लागलेत, काय खायला देऊ, असं तुम्ही विचारलंय. अक्रोड नि पालेभाज्या एव्हाना दहा जणांनी सांगितल्या असतील. मी म्हणेन, आधी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासा.

माझ्या आईने ७१व्या वर्षी हिशोबाच्या वहीत एकाच वीजबिलाची नोंद तीनदा केली. जन्मात जिची बेरीज चुकली नव्हती, तिने! चालताना पायातली चप्पल निसटायची आणि तिला पत्ताही नसायचा. दादाचं एकच पालुपद: "वय झालं, आता असंच चालायचं." रोज रात्री तो अक्रोड भिजत घालायचा, सकाळी हातात आणून द्यायचा. त्याची माया खरी होती, पण त्यात आठ महिने गेले. मी तपासणीचं नाव काढलं की म्हणायचा, "तुला सगळीकडे आजारच दिसतो." शेवटी भांडून रक्त तपासून घेतलं. बी-१२ निघालं ११२. दोनशेच्या खाली गेलं की कमतरताच धरतात.

बी-१२ मिळतं मुख्यतः मांसाहार नि दुधातून. आई पक्की शाकाहारी, दुधाची नावड, बारा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, वर अ‍ॅसिडिटीची गोळी. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरात आम्ल लागतं. वयाने ते अनेकांचं कमी होतं, गोळीने आणखी. मेटफॉर्मिननेही शोषण घटतं. आणि अक्रोडात बी-१२ नसतंच!

इंजेक्शनं सुरू झाली, तीन महिन्यांत वही ताळ्यावर आली. पायाच्या मुंग्या मात्र राहिल्या त्या राहिल्याच. बी-१२ कमी पडून नसांना झालेली इजा उशीर झाला की पूर्ण भरून येत नाही.

आहाराने काहीच होत नाही असं नाही. पण मेंदूसाठी खास आखलेल्या 'माइंड' आहाराची ६०४ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली. २०२३ साली निकाल आला, तेव्हा नेहमीचाच आहार थोडा कमी खाणाऱ्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. फिनलंडच्या 'फिंगर' अभ्यासात दिसला, पण तिथे आहारासोबत व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर लक्षही होतं.

हो, प्रत्येक विसराळूपणा बी-१२चा नसतो. थायरॉइड, नैराश्य, खरा डिमेन्शियाही असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवाच. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड (हे दुसरं बी जीवनसत्त्व) मनाने सुरू करू नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी आत चालूच राहते.

दादा अजून म्हणतो, गुण अक्रोडांनी आला. पण अक्रोड तर आधीचे आठ महिनेही चालूच होते.