संत्रा बर्फीचा उद्योग सुरू करण्यापूर्वी
संत्रा बर्फीचा उद्योग उभारण्याचे तुमचे स्वप्न मला मनापासून आवडले. मात्र नोकरीचा राजीनामा देण्याआधी एक हंगाम घरच्या गॅसवर काढा. आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या सुमारास येणाऱ्या हंगामाची) संत्री नागपूरच्या कळमना बाजारात येऊ लागली की दोन-दोन किलोचे घाणे करून गर किती निघतो, आटून किती उरतो आणि बी राहून गेल्यास कडवटपणा कितपत उतरतो, हे वहीत लिहून ठेवा. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी आवश्यकच आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन विनामूल्य होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.

माझ्या उद्योगात मला खरा फटका उधारीचा बसला. एका दुकानदाराने चार महिने रक्कम अडकवली, तेव्हा साखरेचे पोते आणायलाही पैसे उरले नव्हते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराला सूक्ष्म उद्योगाच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावे लागतात. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक व पैसे देण्याची मुदत छापा आणि माल मिळाल्याची सही घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.