डॉक्युमेंटेशन फाइल चालू केल्यावर सीएस१५९१ च्या शेकडो वॉर्निंग येतात, त्या प्रोजेक्ट सेटिंगमधून बंद कराव्यात का?

सरसकट बंद करू नका. निदान तुमच्या सहकाऱ्याने सांगितलंय तशा, नोवॉर्नमध्ये, म्हणजे दाबायच्या वॉर्निंगच्या यादीत, आकड्यांची माळ लावून तर मुळीच नको.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: स्वॅगरच्या, म्हणजे एपीआयची माहिती दाखवणाऱ्या, पानावर वर्णनं दिसावीत म्हणून तुम्ही व्हिज्युअल स्टुडिओत कोडमधल्या कमेंट गोळा करणारी एक्सएमएल डॉक्युमेंटेशन फाइल चालू केली. लगेच सीएस१५९१ चा, म्हणजे 'पब्लिक गोष्टीवर कमेंट नाही' या सी शार्प कंपायलरच्या वॉर्निंगचा, पाऊस पडला. सहकारी म्हणाला की १५७० पासून १५९१ पर्यंत जे जे दिसतं ते सगळं नोवॉर्नमध्ये टाक आणि मोकळा हो. ते करूनही लोकांना द्यायच्या रिलीज बिल्डमध्ये वर्णनं गायबच आहेत.

गायब वर्णनांचं आधी उरकतो, कारण त्यात वादाचं काही नाही. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजच्या जुन्या पानावर वर कॉन्फिगरेशनची यादी असते आणि ती बहुतेक वेळा 'डीबग'वर असते. तिथे टिक केलं की सीएसप्रॉज या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये ती ओळ डीबगच्या अटीखालच्या गटात जाऊन बसते, रिलीजला तिचा पत्ताच नसतो. फाइल उघडून बघा. डॉक्युमेंटेशनफाइल ही प्रॉपर्टी अट असलेल्या गटात असेल, तिच्यात 'बिन' आणि 'डीबग' असा मार्ग लिहिलेला असेल, किंवा कुणाच्या तरी मशीनवरचा सी ड्राइव्हपासूनचा अख्खा मार्ग असेल, तर ती काढून टाका. त्याऐवजी जनरेटडॉक्युमेंटेशनफाइल ही प्रॉपर्टी अट नसलेल्या गटात 'ट्रू' करा. मार्ग द्यायची गरज नाही, असेंब्लीच्या, म्हणजे बिल्डमधून निघणाऱ्या डीएलएलच्या, नावाची फाइल आपोआप तयार होते.

तुमच्या मशीनवर सगळं नीट दिसतं आणि बिल्ड सर्व्हरवर नाही, याचंही एक कारण असतं. सेटिंग कधीकाळी चालू होती तेव्हाची जुनी एक्सएमएल फाइल तुमच्या बिन फोल्डरमध्ये पडून असते आणि स्वॅगर तीच वाचत बसतो. सर्व्हरवर कोड नव्याने उतरतो, तिथे जुनं काही नसतं. बिन आणि ओबीजे दोन्ही फोल्डर हाताने उडवून मग तपासा. आणि फाइल नसताना एक्सेप्शन येण्याऐवजी वर्णनं गुपचूप नाहीशी होत असतील, तर स्टार्टअपमध्ये कुणीतरी 'फाइल असेल तरच वाच' अशी अट लिहून ठेवली आहे. ती अट काढा. फाइल नाही हे सुरुवातीलाच कळलेलं बरं.

सेटिंग नक्की कुठून येते हे कळेनासं झालं तर अंदाज बांधत बसू नका. एमएसबिल्ड या बिल्ड करणाऱ्या साधनात १७.८ पासून गेटप्रॉपर्टी हा स्विच आहे, त्याला प्रॉपर्टीचं नाव दिलं की शेवटी ठरलेली किंमत छापून मिळते. कॉन्फिगरेशन बदलून दोनदा विचारा. त्याहून जुनं असेल तर पीपी हा स्विच सगळ्या आयात केलेल्या फाइल एकत्र करून एकच मोठी फाइल देतो, तिच्यात शोधा. डिरेक्टरी डॉट बिल्ड डॉट प्रॉप्स ही सामाईक सेटिंगची फाइल प्रोजेक्टच्या आधी वाचली जाते, त्यामुळे प्रोजेक्टमधली ओळ तिच्यावर मात करते. वरच्या फोल्डरमध्ये अशा दोन फाइल असतील तर जवळची एकच आपोआप उचलली जाते. नोवॉर्नमध्ये आधीची किंमत पुढे न जोडता नवे आकडे लिहिले, की आधीचे पुसले जातात. या तीन गोष्टींवर माणसं दिवस घालवतात.

आता वॉर्निंगबद्दल. तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला मी शब्दशः पूर्वी ऐकला आहे, म्हणूनच हे उत्तर लिहायला बसलो.

आमच्याकडे एक छोटी लायब्ररी होती. बाहेरच्या सर्व्हिसला विनंती पाठवायची, अपयश आलं तर थोडं थांबून पुन्हा पाठवायची, एवढंच तिचं काम. पॅकेज करून ठेवलेली, कंपनीतल्या बाकीच्या टीम ती वापरायच्या. पॅकेजबरोबर टूलटिप जाव्यात म्हणून डॉक्युमेंटेशन फाइल चालू केली आणि तुमच्यासारखाच पाऊस पडला. आमच्या लीडनी नोवॉर्नमध्ये १५७०, १५७२, १५७३, १५७४, १५८७ आणि १५९१ असे सगळे आकडे एका ओळीत टाकले. कोड रिव्ह्यूमध्ये मी लिहिलं होतं की १५९१ हवी तर दाबा, बाकीच्या ठेवा, त्या वेगळ्या जातीच्या आहेत. उत्तर आलं, "कमेंटमधल्या चुकीमुळे प्रॉडक्शन कधी पडत नाही." विषय संपला, बदल मर्ज झाला.

पुढे एका सहकाऱ्याने त्याच लायब्ररीतली मेथड सुधारली. पूर्वी 'वेट' नावाचा पॅरामीटर होता, सेकंदांत. त्याने त्याचं नाव 'इंटरव्हल' केलं आणि मोजमाप मिलिसेकंदांत आणलं. बदल योग्यच होता, बाकीची लायब्ररी मिलिसेकंदांतच बोलायची. पण वरच्या कमेंटमध्ये 'वेट' चा पॅराम टॅग, म्हणजे पॅरामीटरचं वर्णन देणारा टॅग, तसाच राहिला, 'किती सेकंद थांबायचं' या वर्णनासकट. सारांशातही सेकंदच. या ठिकाणी कंपायलरने दोन वॉर्निंग दिल्या असत्या: सीएस१५७२, की 'वेट' नावाचा पॅरामीटर इथे नाहीच, आणि सीएस१५७३, की बाकी पॅरामीटरना टॅग आहेत पण 'इंटरव्हल'ला नाही. दोन्ही त्या माळेत बसून गप्प होत्या.

दुसऱ्या एका टीमने नवीन आवृत्ती घेतली, टूलटिपमधला सारांश वाचला आणि ३० दिले. त्यांना अभिप्रेत होते ३० सेकंद, मिळाले ३० मिलिसेकंद. समोरची सर्व्हिस ठीक असेपर्यंत कुणाला काही कळलं नाही, कारण पुन्हा प्रयत्न करायची वेळच येत नव्हती. ती ज्या दिवशी मंदावली त्या दिवशी आमच्या सगळ्या प्रक्रिया तिच्यावर तुटून पडल्या. तिला सावरायला उसंत मिळेना, शेवटी त्या बाजूने आमच्या विनंत्याच अडवल्या. त्या टीमने स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधण्यात रात्र घालवली. चूक तिथे नव्हतीच. त्यांनी दस्तऐवज वाचून, त्यावर विश्वास ठेवून काम केलं होतं, आणि असंच काम करावं असं आपण सगळ्यांना सांगत असतो.

म्हणून सांगतो, हे आकडे एका माळेत ओवण्यासारखे नाहीत. सीएस१५९१ म्हणते, इथे कमेंट नाही. बाकीच्या म्हणतात, इथे जी कमेंट आहे ती चुकीची किंवा निकामी आहे. १५७० आली म्हणजे कमेंटमधलं एक्सएमएल मोडलं आहे. बहुधा कुणीतरी जेनेरिक टाइप लिहिताना कोनी कंस तसाच टाकलेला असतो, नाहीतर अँपरसँडचं चिन्ह नुसतं लिहिलेलं असतं. अशा वेळी कंपायलर त्या मेंबरची सगळी कमेंट टाकून देतो आणि तयार झालेल्या फाइलमध्ये 'बिघडलेली कमेंट वगळली' अशी नोंद करतो. स्वॅगरमध्ये एखाद्याच मेथडचं वर्णन दिसत नसेल तर ती नोंद आधी शोधा. १५७४ म्हणजे सीरेफ, हा कमेंटमधला दुवा, ज्याच्याकडे बोट दाखवतो ते अस्तित्वातच नाही. १५८७ म्हणजे कमेंट भलत्या जागी आहे. एपीआय प्रोजेक्टमध्ये ती सर्रास अॅट्रिब्यूट आणि मेथड यांच्या मध्ये सापडते, ती अॅट्रिब्यूटच्या वर हवी. यातली एकही दाबण्याजोगी नाही. १५७०, १५७२, १५७३, १५७४ आणि १५८७ या पाच मी वॉर्निंगला एरर मानणाऱ्या वॉर्निंग्जअॅजएरर्स या यादीत टाकतो, म्हणजे बिल्ड तिथेच थांबतो. डॉक्युमेंटेशन फाइल बंद असेल तर कंपायलर या कमेंट तपासतच नाही, सगळं हिरवं दिसतं. त्यामुळे 'आमच्याकडे एकही वॉर्निंग नाही' या दाव्याला तोवर काही किंमत नाही.

त्या घटनेनंतर लीडनी माळ काढली, पण दुसऱ्या टोकाला गेले. १५९१ एरर केली, प्रत्येक पब्लिक गोष्टीला कमेंट सक्तीची. मग सगळ्यांनी आपोआप कमेंट लिहिणारं एक्स्टेंशन बसवलं. कस्टमरआयडीवर 'कस्टमर आयडी मिळवतो किंवा ठेवतो'. सेव्हवर 'सेव्ह करतो'. कंपायलर समाधानी, वाचणाऱ्याला शून्य माहिती, आणि अशा ढिगाऱ्यात सेकंद की मिलिसेकंद हे सांगणारी एखादी खरी ओळ असली तरी ती कुणाच्या नजरेस पडत नाही. मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो: आधी काहीच नको आणि मग सगळंच हवं, या दोन्ही हुकुमांत खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. हे एवढं सगळं पब्लिक का आहे?

सीएस१५९१ फक्त असेंब्लीबाहेर दिसणाऱ्या गोष्टींवर येते. आपण मात्र सवयीने प्रत्येक क्लासपुढे पब्लिक लिहितो. मी एक शाखा काढून त्या लायब्ररीत बाहेरून कुणीही न वापरलेलं सगळं इंटर्नल, म्हणजे असेंब्लीच्या आतच दिसेल असं, केलं. टेस्ट प्रोजेक्टला ते दिसावं म्हणून इंटर्नल्सव्हिजिबलटू लावलं. डॉटनेट ५ पासून ते सीएसप्रॉजमध्येच आयटम म्हणून लिहिता येतं. वॉर्निंगचा ढीग ओसरला आणि उरल्या त्या नेमक्या अशा मेथडवर, जिथे वापरणाऱ्याला काहीतरी सांगणं भागच होतं. त्या मी हाताने लिहिल्या: मोजमाप कोणतं, नल चालेल का, कोणतं एक्सेप्शन येईल. इंटरफेस आधीच नीट लिहिला असेल तर त्याच्या अंमलबजावणीवर इनहेरिटडॉक, म्हणजे तिथलीच कमेंट घ्या असं सांगणारा टॅग, पुरतो; व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.४ आवृत्तीपासून टूलटिपमध्ये तो उलगडून दिसतो. कंपायलर मात्र फाइलमध्ये टॅग जसाच्या तसा लिहितो, म्हणून ती फाइल वाचणारं दुसरं साधन तो उलगडतं का हे पाहून घ्या. त्या लायब्ररीबद्दल त्यानंतर 'हा पॅरामीटर कशासाठी' असं विचारायला कुणी आमच्याकडे आलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

तुमच्या सहकाऱ्याला हे वाचून दाखवा. तो म्हणेल, आमचं तर साधं वेब अॅप्लिकेशन आहे. त्याचं तेवढं बरोबर आहे. पॅकेज म्हणून बाहेर जाणाऱ्या लायब्ररीला लागणारी शिस्त एपीआय प्रोजेक्टला जशीच्या तशी लावू नका. कंट्रोलर पब्लिकच ठेवावे लागतात, आणि त्यांच्या मेथडच्या सिग्नेचरमध्ये येणारे टाइपही. ते टाइप इंटर्नल केलेत तर सीएस००५० किंवा सीएस००५१ ची एरर येईल. पण तेच तर स्वॅगरमध्ये दिसणार आहेत, तेव्हा त्यांच्यावर कमेंट लिहा. सर्व्हिस, रिपॉझिटरी, हेल्पर इंटर्नल करा; फक्त कंट्रोलरच्या पब्लिक कन्स्ट्रक्टरमध्ये येणारे टाइप पब्लिक ठेवा, नाहीतर तीच सीएस००५१ येईल. मायग्रेशनसारखा आपोआप तयार झालेला कोड असेल, तर फक्त त्या फोल्डरपुरती एडिटरकॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये सीएस१५९१ ची तीव्रता 'नन' करा. सगळ्या प्रोजेक्टचा आवाज बंद करण्याची वेळच येत नाही.

आणखी दोन गोष्टी. पॅकेज आधीच लोकांच्या हातात असेल तर पब्लिकचं इंटर्नल करणं म्हणजे त्यांचा कोड मोडणं आहे. ते मोठ्या आवृत्तीतच करा आणि बदलांच्या नोंदीत लिहा. आणि वॉर्निंग मोजायच्या असतील तर रीबिल्ड करा. नुसत्या बिल्डमध्ये जो प्रोजेक्ट बदललेला नाही तो पुन्हा कंपाइल होत नाही, त्याच्या वॉर्निंग दिसत नाहीत, आणि मग कुणीतरी आनंदाने सांगत येतं की सगळ्या गेल्या.