पावडरवाल्याने ट्रॉलहेटानला यावं का?

भोसरीत आठ वर्षं प्लाझ्मा गनवर (तापलेल्या वायूच्या ज्योतीत माल वितळवून भागांवर लेप मारणारं यंत्र) काढलीत, तीही सगळी पावडरवर. आता स्वीडनला, ट्रॉलहेटानच्या युनिव्हर्सिटी वेस्टमध्ये, पावडर-सस्पेन्शन हायब्रिड कोटिंगवर (पावडर आणि द्रवात कालवलेले बारीक कण एकत्र मारून केलेला लेप) पीएचडी करायचीय आणि द्रव फीडची धास्ती वाटतेय, असं लिहिलंत. या बिनधास्त. फक्त सस्पेन्शन म्हणजे पातळ केलेली पावडर असं समजू नका, माझी तशीच फजिती झाली.

आपली पावडर साधारण १० ते १०० मायक्रॉनची. त्याहून बारीक केली की फीडरमध्ये गोळे होतात, वाहतच नाही. म्हणून मायक्रॉनभर किंवा त्याहून बारके कण पाण्यात नाहीतर इथेनॉलमध्ये कालवून पाठवायचे. पाणी उडताना ज्योतीची बरीच उष्णता खातं. इथेनॉल कमी खातं, वर जळून थोडी परतही करतं. हे बारके कण चटकन गार होतात, म्हणून गन जॉबच्या, म्हणजे लेप चढवायच्या भागाच्या, जवळ आणायची, ७० ते १०० मिमीवर. मी सवयीने १२० ठेवलं. कोटिंग कसलं, खडूची भुकटी! बोटाने पुसली जात होती.

हायब्रिडमध्ये दोघांना एकाच अंतरावर, एकाच ज्योतीत नांदवायचं असतं, खरी कसरत तिथे आहे. इथली गन तीन कॅथोडची (ज्योतीसाठी वीज सोडणारी टोकं), माल मधोमध अक्षावरून जातो. बाजूने सोडलेला द्रव पुष्कळदा ज्योतीच्या कडेलाच रेंगाळतो, इथे तो थेट गाभ्यात शिरतो. टी-४०० या कोबाल्ट मिश्रधातूची पावडर आणि क्रोमियम कार्बाइड या कठीण पदार्थाचं सस्पेन्शन एकत्र मारलं, की कोटिंग कापून बघताना छेदात मोठ्या चपट्या थरांमध्ये कार्बाइडचे बारीक ठिपके दिसतात. झीज सोसायला ते हवेत.

आणि सस्पेन्शन ढवळत ठेवा. ताकासारखंच आहे ते, चोथा खाली बसतो. एकदा मी ढवळणी बंद करून फीकाला (इथला कॉफीचा वेळ, चुकवू नका) गेलो, परत येऊन बघतो तर नळी तुंबलेली. अख्खी दुपार ती साफ करण्यात गेली.

बाकी, इथे पीएचडी म्हणजे बहुधा नोकरीच असते: पगार, त्यावर कर, फी नाही. मुदत चार वर्षं, शिकवण्याचं काम घेतलंत तर पाचपर्यंत. लॅबमध्ये इंग्रजी चालतं, कॉफीच्या टेबलावर स्वीडिश. डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो, त्याचा मात्र विचार करा. कुटुंब आणणार असाल तर पहिल्यांदा उन्हाळ्यात आणा.